गोबरगॅसची कूळकथा

श्रीगोंदें हें गांव जुन्या कागदपत्रांत चांभारगोंदें या नांवानें आढळतें. गोविंद नांवाच्या एका भाविक चांभारावरून गांवास हें नांव पडलें, अशी आख्यायिका मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांत नमूद आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजी भोसले यांनीं आपलें द्रव्य ज्या सावकारापाशीं ठेविलें, तो पुंडे सावकार ह्याच चांभारगोंद्याचा. मालोजींचे गुरु म्हणून ज्यांचें नांव घेतात त्या शेख महंमदांचें स्थान ह्याच गांवीं, आणि पुढें शिंद्यांचा वाडा उभा राहिला तोही येथेंच. गांवाची प्रतिष्ठा वाढत गेली आणि कालांतरानें नांवांतील चांभार मागें पडून त्याच्या जागीं ‘श्री’ येऊन बसली. कातड्याशीं ज्याचा हात लागला त्याची आठवण लोकव्यवहारांतून पुसली गेली. गांव मात्र राहिलें.

मनुष्याच्या बाबतींत घडलेली ही गोष्ट एका वायूच्या बाबतींतही घडली आहे. शेण, चिखल, मैला, थोडक्यांत ज्याकडे पाहून आपण नाकाला पदर लावतों, त्यांतच या वायूचा जन्म होतो. तो नळींतून चुलीखालीं येऊन निळ्या ज्योतीनें जळूं लागला म्हणजे त्याचें कौतुक होतें. परंतु त्याच्या जन्मस्थानाकडे पाहण्यास फारसा कोणी राजी नसतो. या वायूचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, त्याचा उपयोग ज्यांना साधला त्यांनीं त्या घाणीकडे डोळे उघडे ठेवून पाहिलें. आणि ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यापैकीं कित्येकांना त्याची किंमत प्राणांनीं द्यावी लागली.

श्रीगोंदें तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, भीमा व घोड या नद्यांच्या अंगानें पसरलेला आहे. मूळचा हा अवर्षणाचा मुलूख. घोड व कुकडी यांच्या कालव्यांचें पाणी आल्यावर ऊस, लिंबाच्या बागा आणि दुभतीं जनावरें यांनीं त्याचें रूप पालटलें. जेथें जनावर तेथें शेण, आणि जेथें शेण तेथें शेतकऱ्याच्या घरीं एक जुना तंटा. शेण उकिरड्यांत टाकलें तर शेताला खत मिळतें, पण चूल कशावर पेटवावयाची? गोवऱ्या थापल्या तर चूल पेटते, पण शेत उपाशी राहतें. शिवाय गोवरीच्या धुरानें घराच्या भिंती काळवंडतात आणि त्याहून अधिक काळवंडते ती चुलीपुढें बसणाऱ्या बाईची छाती. शेण जाळावें कीं कुजवावें, या प्रश्नाला ‘दोन्हीही करावें’ असें उत्तर देणारी युक्ति म्हणजे गोबरगॅसचें यंत्र. हवाबंद टांकींत शेण कुजतें तेव्हां त्यांतील कर्बाचा कांहीं भाग ज्वालाग्राही वायूच्या रूपानें निघून जातो. पिकाला हवा असलेला नत्र बहुतांशीं मागें उरलेल्या पातळ गाळांतच, म्हणजे ज्याला शेतकरी ‘स्लरी’ म्हणतात त्यांत, शिल्लक राहतो. चूल पेटते आणि शेतही जेवतें.

हा वायु शास्त्राला प्रथम भेटला तो मात्र गोठ्यांत नव्हे, दलदलींत. १७७६ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, पुढें विजेच्या घटामुळें जगप्रसिद्ध झालेला इटालियन संशोधक आलेसांद्रो व्होल्टा हा माज्जोरे सरोवराच्या कांठीं चिखल काठीनें ढवळीत होता. चिखलांतून बुडबुडे उठत. पाण्यानें भरलेली बाटली त्यांवर उपडी धरून त्यानें ते कोंडले आणि त्यांना ज्योत लावली, तेव्हां तो वायु मंद निळसर ज्योतीनें जळला. जुन्या तळ्याच्या कांठीं असे बुडबुडे उठतांना गुराख्यांनीं हजारों वर्षें पाहिले असतील. पण ते बाटलींत धरून पाहावेत, असें व्होल्टाच्या मनांत आलें. एवढ्याशा कुतूहलानें एक नवा वायु मनुष्यजातीच्या ओळखीचा झाला.

या वायूस आज मिथेन म्हणतात. त्याची घटना साधी आहे: कर्बाचा एक अणु आणि त्याच्याभोंवतीं उज्जवायूचे चार. त्याला रंग नाहीं व वासही नाहीं. शेणाच्या टांकीजवळ सडक्या अंड्यासारखा जो दर्प येतो, तो मिथेनचा नसून त्याच्या सोबतीनें निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड नांवाच्या विषारी वायूचा होय. गोबरगॅस हा एकच एक वायु नसून तें एक मिश्रण आहे. त्याच्या शंभर भागांत साधारणपणें ५५ ते ६५ भाग मिथेन असतो. उरलेला बहुतेक भाग कर्बाम्लवायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. आणि हायड्रोजन सल्फाइड अगदीं थोडा. हे तिघे एकाच घरांत जन्मतात, पण त्यांच्या प्रकृति भिन्न आहेत. शून्य अंश उष्णमानास एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२९ किलो भरतें. तेवढाच मिथेन अवघा ०.७२ किलो भरतो, म्हणून मोकळा सुटला कीं तो वर चढतो. कर्बाम्लवायु भरतो १.९८ किलो व हायड्रोजन सल्फाइड १.५४ किलो, हे दोघे खालीं राहूं पाहतात. श्रोत्यांनीं हे आंकडे ध्यानांत ठेवावेत. या कथेच्या शेवटीं त्यांचें फार काम पडणार आहे.

शेणखताशीं या वायूचा संबंध जोडण्याचा पहिला मान इंग्लंडच्या सर हंफ्री डेव्ही याजकडे जातो. १८०८ सालीं त्यानें जनावरांच्या शेणखतापासून निघणाऱ्या वायूंत हाच ज्वालाग्राही वायु असल्याचें दाखविलें. परंतु त्याचें लक्ष तेव्हां खताच्या गुणांकडे होतें. वायूचा कांहीं उपयोग करावा हें त्याच्या मनांत आलें नाहीं. हा वायु त्याच्यासमोर पुन्हा उभा राहिला तो यमदूताच्या रूपानें. दगडी कोळशाच्या थरांतही मिथेन कोंडलेला असतो. १८१२ सालीं इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणींत त्याचा स्फोट होऊन ९२ माणसें मेलीं. खाणवाल्यांना काळोखांत दिवा तर हवा, आणि दिवा नेला कीं स्फोट.

येथें मिथेनचा एक चमत्कारिक गुण सांगितला पाहिजे. हवेच्या शंभर भागांत मिथेन पांच भागांहून कमी असेल तर मिश्रण पेट घेत नाहीं. पंधरा भागांहून अधिक असेल तरीही नाहीं, कारण मग जळण्यास प्राणवायु पुरत नाहीं. पांच ते पंधरा या मर्यादेंतच तो स्फोटक बनतो. दुसरें असें कीं, तो पेटण्यास सुमारें ५४० अंश सेंटिग्रेड इतकी उष्णता लागते. डेव्हीनें १८१५ सालीं नेमक्या याच गुणाचा फायदा घेतला. त्यानें दिव्याच्या ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी बसविली. जाळीच्या धातूनें ज्योतीची उष्णता शोषून घेतली कीं, बाहेरील वायूपर्यंत पेट घेण्याइतकी आंच पोंचत नाहीं. शिवाय आंतील ज्योतीवर निळसर टोपी चढली कीं खाणवाला ओळखी कीं वायु जमूं लागला आहे. ज्या दिव्यानें मृत्यु ओढवत होता, तोच दिवा असा पहारेकरी झाला. परंतु ही करामत जाळीची होती. उघड्या दिव्याच्या अंगीं ती नाहीं, ही गोष्ट विसरल्यानें पुढेंही अनर्थ झाले आहेत.

या वायूचा उपयोग करण्याच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें पान मुंबईचें आहे. १८९० सालीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकारानें माटुंग्यास निराश्रित महारोग्यांसाठीं आश्रयस्थान उघडण्यांत आलें. मराठी वाचकांस ॲक्वर्थ हें नांव परकें वाटण्याचें कारण नाहीं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं प्रसिद्ध करणारे ते हेच. शहराच्या रस्त्यांवरून हिंडणाऱ्या महारोग्यांना समाज दृष्टीआड करूं पाहत होता. माटुंगें तेव्हां शहराच्या कडेला होतें. त्या आश्रमांतील मैला व सांडपाणी यांची विल्हेवाट लावण्यासाठीं बंद टांक्या बांधण्यांत आल्या आणि १८९७ च्या सुमारास त्यांतून निघणारा वायु सांठवून दिव्यांकडे व पुढें इंजिनाकडे वापरण्यांत आला. मुंबईच्या जलनिःसारण खात्याचे अभियंते सी. कार्किट जेम्स यांनीं पौर्वात्य शहरांच्या मैलानिःसारणावर जे ग्रंथ लिहिले, त्यांचा पाया अशाच प्रयोगांवर उभा होता. इंग्लंडांतही डोनाल्ड कॅमरून यानें एक्सेटर शहरीं १८९५ च्या सुमारास मैल्याच्या टांकीतील वायूवर दिवे लावले होते. म्हणजे या कामांत मुंबई जगाच्या मागें नव्हती, बरोबरीनें चालली होती.

या प्रयोगाची तारीख अनेक पुस्तकांत १८५९ अशी दिलेली आढळते आणि एकाचें पाहून दुसरा ती उतरून घेत आला आहे. परंतु जो आश्रम १८९० सालीं उघडला, त्याच्या आवारांतील टांकींत १८५९ सालीं वायु कसा निघावा? इतिहासांत आंकडा लिहिण्यापूर्वीं एवढा हिशेब तरी करून पाहावा. आणि हा हिशेब फारसा कोणी केला नाहीं, याचेंही कारण विचार करण्यासारखें आहे. महारोग्यांच्या आश्रमाचा इतिहास निरखून पाहण्याची उत्सुकता थोड्यांनाच होती. समाजानें ज्यांना दूर लोटलें, त्यांच्या मैल्यावर प्रकाशाचा प्रयोग झाला. पण तो प्रकाश कोणाच्या घरचा, हें सांगतांना इतिहासही घाईंत होता.

यापुढील अध्याय कोंकणांतला आहे. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांना लोक ‘कोंकणचे गांधी’ म्हणत. सत्याग्रहाच्या चळवळींत ते रत्नागिरीच्या तुरुंगांत असतांना त्यांनीं एक विलक्षण मागणी केली. तुरुंगांतील भंगीकाम जातीवरून वांटलेलें असे. तें आपणांस मिळावें, असा त्यांनीं आग्रह धरिला. उच्च मानलेल्या जातीच्या कैद्यास असें काम देतां येत नाहीं, या सबबीवर नकार मिळाला, तेव्हां अप्पासाहेबांनीं अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. डिसेंबर १९३२ मध्यें येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांच्या पाठिंब्यासाठीं उपोषण आरंभिलें आणि हा प्रश्न देशभर गाजला. हक्कासाठीं उपोषणें पुष्कळ झालीं आहेत. मैला उचलण्याच्या हक्कासाठीं उपाशी बसणारा पुरुष विरळाच.

परंतु झाडू हातीं घेऊन अप्पासाहेब थांबले नाहींत. एका माणसाचा मैला दुसऱ्यानें डोक्यावरून वाहावा, ही रीतच मोडावयाची तर मैल्याला वाहण्याची गरजच उरूं नये, हें त्यांनीं ओळखलें. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारून त्यांनीं सोनखताचे व सुधारलेल्या संडासांचे प्रयोग केले. संडासाला जोडलेल्या त्यांच्या वायु-यंत्राचें नांव ‘मलप्रभा’. मल म्हणजे घाण आणि प्रभा म्हणजे प्रकाश. एका नदीचें नांव घेऊन अप्पासाहेबांनीं आपला सगळा विचार चार अक्षरांत सांगून टाकला. १९५९ सालीं देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झालेले डॉक्टर सुहास विठ्ठल मापुसकर यांनीं पुढें हें काम हातीं घेतलें. तुकोबांच्या गांवीं रोगराईचें मूळ उघड्यावरील शौचांत आहे हें पाहून त्यांनीं औषधाच्या बाटलीबरोबर संडासाचाही प्रसार केला आणि ‘मलप्रभा’ यंत्रें सुधारून घराघरांपर्यंत नेलीं. २०१७ सालीं, त्यांच्या निधनानंतर, त्यांना पद्मश्री देण्यांत आली.

शेणाच्या यंत्रांचा प्रवास याच काळांत निराळ्या वाटेनें चालला होता. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंत डॉक्टर देसाई यांनीं शेणापासून वायु काढण्याचे पद्धतशीर प्रयोग केले. १९५० च्या दशकांत जशभाई पटेल यांनीं ‘ग्रामलक्ष्मी’ हें यंत्र सिद्ध केलें, आणि १९६२ च्या सुमारास खादी व ग्रामोद्योग आयोगानें तें उचलून देशभर नेलें. त्याची रचना कोणाही गवंड्यास समजेल अशी होती. जमिनींत विटांची विहिरीसारखी टांकी. तींत शेण व तितकेंच पाणी कालवून सोडावयाचें. आणि वर लोखंडी पिंप उपडें तरंगत ठेवावयाचें. वायु जमला कीं पिंप वर उचललें जाई, वापरला कीं खालीं बसे. घरच्या बाईला मापाची गरज नसे. पिंप किती वर आलें आहे हें पाहिलें कीं स्वयंपाक पुरा होईल कीं नाहीं, हें तिला कळे. पुढें १९७८ सालीं ‘जनता’ व १९८४ सालीं ‘दीनबंधु’ हे पक्क्या घुमटाचे, लोखंड वांचविणारे नमुने आले. आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय योजनेखालीं गांवोगांव अशीं यंत्रें बसूं लागलीं.

टांकीच्या आंत काम करणारे मजूर डोळ्यांना दिसत नाहींत. एका जातीचे सूक्ष्म जीव शेणांतील कठीण पदार्थांचीं आम्लें बनवितात आणि दुसऱ्या जातीचे त्या आम्लांपासून मिथेन तयार करतात. या दुसऱ्या जातीला प्राणवायु म्हणजे विष. म्हणून टांकी हवाबंद हवी. हेच जीव गाईच्या पोटांतही नांदतात; म्हणजे गोबरगॅसची टांकी ही एक प्रकारें विटांनीं बांधलेली गाईची पोटली होय. ३५ अंशांच्या आसपास त्यांचें काम जोरांत चालतें व थंडीनें तें मंदावतें. म्हणून महाराष्ट्राच्या हवेंत शेण सुमारें ४० दिवस टांकींत राहील अशा बेतानें ती बांधतात. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर वायु मिळतो. चार-पांच जनावरांचें ५० किलो शेण रोज घातलें तर दोन घनमीटर वायु निघतो आणि त्यावर सहा-सात माणसांचा स्वयंपाक होतो. एक घनमीटर गोबरगॅस जाळला कीं १२ किलोंहून अधिक गोवऱ्यांचें काम होतें. ज्या बाईनें बारा किलो गोवऱ्या थापल्या, वाळविल्या आणि त्यांचा धूर गिळला, तिला या आंकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

असें असूनही पुढें अनेक गांवांत हीं यंत्रें मोडकळीस आलीं. पिंपें गंजलीं, जनावरें कमी झालीं, रोज शेण कालविण्यास घरांत कोणी उरलें नाहीं. परंतु याच्या मुळाशीं मिथेनचा एक जन्मजात स्वभावही आहे. उणें ८२.६ अंशांहून अधिक उष्णमान असेल तर कितीही दाब दिला तरी मिथेनचें पाणी होत नाहीं. साध्या दाबाखालीं तर तो उणें १६१.५ अंशांस द्रवरूप होतो. सिलिंडरमध्यें येणारा स्वयंपाकाचा गॅस निराळा. त्यांतील प्रोपेन व ब्युटेन हे वायु बेताच्या दाबानेंच द्रव होतात आणि महिन्याचें इंधन एका टांकींत मावतें. मिथेनला घराबाहेर नेणें अवघड, म्हणून प्रत्येक घराला स्वतःचा खड्डा, स्वतःचें शेण आणि स्वतःची मेहनत लागली. सिलिंडर दारांत आला, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर तो गरिबाच्या दारांतही आला, आणि परसांतील पिंप विसरलें गेलें.

आतां तोच वायु मोठ्या अंगानें परत येत आहे. साखर कारखान्याला जेथें मद्यार्काचा विभाग जोडलेला असतो, तेथें मळीपासून मद्यार्क काढल्यावर काळें, उग्र वासाचें सांडपाणी मागें राहतें. पूर्वीं अशा पाण्यानें ओढे नासत. बंद टांकींत कुजविलें तर तेंच पाणी मिथेन देतें व त्यावर बॉयलर चालतो. २०१८ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनें तर असा वायु शुद्ध करून, मोठ्या दाबानें कोंबून, मोटारींस पुरविण्याचा मार्ग उघडला. श्रीगोंद्यासारख्या उसाच्या व दुधाच्या तालुक्याला या धंद्याचा कच्चा माल शोधावयास लांब जावें लागणार नाहीं.

पण मोठ्या कारखान्यांकडे वळण्यापूर्वीं परसांतील विसरलेल्या खड्ड्याकडे एकदां परत यावें लागतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतीलच नेवासें तालुक्यांत वाकडी नांवाचें गांव आहे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. तेथें एक जुनी विहीर शेणाच्या गाळासाठीं वापरांत होती. तींत मांजर पडलें. त्याला काढण्यासाठीं एक माणूस उतरला, तो वर येईना, त्याला काढण्यासाठीं दुसरा उतरला, त्याच्यामागून आणखी. पांच माणसें गेलीं. कमरेला दोर बांधून उतरलेला एक मात्र वर ओढला गेला आणि वांचला. ज्या दिवशीं घरोघर गुढ्या उभ्या होत्या, त्या दिवशीं एका मुक्या जिवावरील दयेपोटीं आणि एकमेकांवरील मायेपोटीं हा घात झाला.

येथें आरंभींचे आंकडे पुन्हा पाहावेत. मिथेन हलका, तो वर निघून जातो. कर्बाम्लवायु व हायड्रोजन सल्फाइड जड. अशा खड्ड्यांत, वाऱ्याचा शिरकाव नसलेल्या जागीं, ते तळाशीं सांचून राहतात आणि प्राणवायूला जागा उरत नाहीं. गाळ स्थिर असतो तोंवर त्यांतील वायु कोंडलेले असतात; माणूस उतरून पायानें गाळ ढवळूं लागला कीं, व्होल्टाच्या काठीप्रमाणें, ते एकदम सुटतात. हायड्रोजन सल्फाइडचा कपटीपणा असा कीं, थोडा असतांना त्याचा दर्प येतो. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत तो शंभराच्या वर गेला कीं नाकाची शक्तीच मारली जाते आणि माणसाला वाटतें, वास गेला, आतां धोका टळला. प्रमाण हजाराजवळ पोंचलें म्हणजे एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. ओरडण्यास वेळ मिळत नाहीं. वरच्याला वाटतें, पाय घसरला असेल. आणि तोही उतरतो.

जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील दोरानें खालीं सोडून पाहण्याची आपल्याकडे चाल आहे. कंदील विझला तर आंत प्राणवायु नाहीं, असें समजून माणसें माघार घेत. साध्या पडक्या विहिरीसाठीं ही चाल शहाणपणाची होती. गोबरगॅसच्या खड्ड्यांत मात्र तीच घातक ठरते. तेथें मिथेन पांच ते पंधरा भागांच्या मर्यादेंत असेल तर कंदील विझण्याऐवजीं स्फोट करील. आणि कंदील जळत राहिला तरी विषारी वायु नाहीं, याची ग्वाही तो देत नाहीं. डेव्हीच्या दिव्याला जाळी होती, कंदिलाला ती नाहीं. वाडवडिलांची रीत जेथें जन्मली तेथें खरी असते; वस्तु बदलली कीं तिची परीक्षा नव्यानें करावी लागते.

म्हणून अशा खड्ड्यांत कोणीही आणि कोणत्याही कारणासाठीं साधेपणानें उतरूं नये. वापर संपलेला खड्डा उघडा ठेवूं नये. आंत कोणी पडलें तर वरच्यांनीं उडी घेण्याचा मोह आवरावा, अग्निशामक दलास बोलवावें, पंख्यानें ताजी हवा आंत सोडावी आणि ज्योत किंवा विडी जवळ येऊं देऊं नये. उतरावें तें शिकलेल्या माणसानेंच. श्वासाची हवा स्वतःबरोबर घेऊन, कमरेला दोर बांधून आणि दोराचें टोंक वरच्यांच्या हातीं देऊन. वाकडीस जो एक जीव वांचला तो दोरानें वांचला, हें विसरतां कामा नये.

शहरांतील मैल्याच्या टांक्यांतही हेच वायु असतात आणि त्यांत उतरविलें जाणारें मनुष्य बहुधा त्याच जातींतलें असतें, ज्या जातींचें काम अप्पासाहेबांनीं तुरुंगांत मागून घेतलें होतें. १९९३ व २०१३ सालच्या कायद्यांनीं हातानें मैला साफ करविण्यास बंदी केली आहे. तरीही अशा टांक्यांत गुदमरून माणसें मेल्याच्या वार्ता येतच राहतात. एक किलो शेणांतून किती लिटर वायु निघतो, याचा हिशेब आतां पक्का झाला आहे. त्या वायूजवळ उतरणाऱ्या माणसाच्या श्वासाचा हिशेब मांडणें मात्र राहून गेलें आहे.

माटुंग्याच्या आश्रमांत मैल्यावर दिवा लागला त्याला सव्वाशे वर्षें उलटून गेलीं. चांभारगोंद्याचें श्रीगोंदें होऊन त्याहूनही पुष्कळ काळ लोटला. गांवाच्या नांवांतून गोविंद चांभार गेला, तरी जुन्या कागदांत त्याची नोंद आहे. ती काढून वाचतां येते. परसांतील शेणाच्या खड्ड्यावर तशी कोणतीच नोंद नसते. ती घरच्या माणसांनींच ठेवावयाची आहे: झांकण घट्ट बसवून आणि आंत काय आहे तें मुलांना वेळीं सांगून.